पावणेतीन फूट

ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. ताणायला गेलं की ते फाटतं, म्हणून भाकरी लाटत नाहीत, थापतात. आधणाच्या पाण्यात पीठ कालवायचं, तळहाताच्या मुळानं रगडून रगडून मळायचं, मग गोळा परातीत ठेवून बोटं जवळ धरून थापत, फिरवत वाढवायचा. मळताना जो जोर लागतो तो मनगटाचा नसतो. चुलीपुढं पाटावर बसलेली बाई काठवट पुढ्यात ओढते, कोपरं सरळ करते आणि कमरेतून किंचित पुढं झुकते. तिच्या धडाचं वजन आपोआप पिठावर येतं. दंडाचं काम एवढंच, की ते वजन वाटेत सांडू नये.

हीच बाई ओट्याशी उभी राहून पीठ मळते तेव्हा काय होतं, ते नीट बघावं. पीठ आता तिच्या कोपराच्या जेमतेम अर्धी वीत खाली असतं. वरून वजन टाकायला जागा उरत नाही. कोपरं वाकलेलीच राहतात, बाहेर फाकतात, खांदे कानांकडं सरकतात, आणि सगळा जोर दंडातून आणि मनगटातून काढावा लागतो. घरच्या पंधरा-वीस भाकऱ्या होईपर्यंत मान आणि खांदा यांच्या मधला भाग, जिथं दमल्यावर आपला हात न सांगता चेपायला जातो, दगडासारखा घट्ट होतो. मग बोल लागतो वयाला, बेळगावच्या गार हवेला, नाहीतर पित्ताला. ओट्याची उंची मोजायचं कुणाच्या मनात येत नाही.

बेळगाव शहर असो, खानापूरकडचं कौलारू घर असो की चिक्कोडी-अथणीकडचं धाब्याचं, स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर गेला त्याला फार तर दोन-तीन पिढ्या झाल्या. जमिनीवरची मांडणी वापरून वापरून बसलेली होती. पाट, काठवट, विळी, चूल यांच्या उंच्या एकमेकींशी जुळलेल्या होत्या. ओटा आला तेव्हा कामं उचलून वर ठेवली गेली, जुळणी मात्र खालीच राहिली.

काम शरीराला जुळवून घ्यायच्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. पोलंडच्या वोयचेख यास्त्शेंबोफ्स्की यांनी १८५७ साली हा शब्द वापरला, आणि स्वतंत्र विद्या म्हणून तिचा जम बसला दुसऱ्या महायुद्धानंतर. नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढं जाळीच्या पाठीची, चाकांची महागडी खुर्ची येते. मला वाटतं, त्या खुर्चीनं या विद्येचं नुकसानच केलं. आमच्या पट्ट्यातली बहुतेक कामं खुर्चीवर होतच नाहीत. ती ओट्याशी होतात, विणकराच्या मागाच्या खड्ड्यात होतात, विडीच्या सुपापाशी, लेथपुढं, भाताच्या चिखलात होतात. तिथं पहिलं माप घ्यायचं ते कोपराचं.

उभ्या माणसाचं कोपर जमिनीपासून साधारण त्याच्या उंचीच्या शेकडा ६३ वर येतं. पाच फूट उंचीच्या बाईचं कोपर ९६ सेंमी, म्हणजे ३८ इंचांच्या आसपास. तिथून खाली मोजायचं. भाजी चिरणं, निवडणं, डबे भरणं ही हलकी कामं कोपराखाली १० ते १५ सेंमीवर व्हावीत. मळणं, रगडणं, कुटणं अशी जोराची कामं १५ ते ४० सेंमी खाली. डोळ्यांजवळ धरायचं बारीक काम मात्र कोपराच्या ५ ते १० सेंमी वर, आणि तेव्हा कोपराखाली टेकू हवा.

गवंड्याला ओट्याची उंची विचारा. टेप न काढता तो सांगेल, पावणेतीन फूट. म्हणजे ३३ इंच. पाच फुटी बाईच्या कोपरापासून हे ५ इंच खाली येतं, आणि भाजी चिरायला ते अगदी योग्य आहे. माप चूक नाही, म्हणूनच ते फसवं आहे. ते एका कामाचं माप आहे आणि आपण त्यावर चार कामं करतो.

शेगडीचा हिशेब करून बघा. ३३ इंचांच्या ओट्यावर ५ इंच उंचीची शेगडी ठेवली की बर्नर ३८ इंचांवर, म्हणजे नेमका कोपराशी. त्यावर तवा ठेवून भाकरी उलटायची तर हात कोपरापेक्षा वर उचलावा लागतो. ८ इंच खोल पातेलं ठेवलं की त्याचा काठ ४६ इंचांवर जातो. पाच फुटी बाईचा खांदा असतो ४९ इंचांवर. आमटी ढवळायला तिला जवळजवळ खांद्याएवढा हात वर धरावा लागतो, तोही वाफेवरून. हात नुसता धरून ठेवणं हे हात हलवण्यापेक्षा महाग पडतं. स्नायू आवळलेला राहिला की त्यातून रक्त नीट फिरत नाही. पूर्ण ताकदीच्या पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत आवळ असेल तर रक्त जवळपास नेहमीसारखं वाहतं, साठ टक्क्यांच्या पुढं ते जवळजवळ थांबतं. हलता स्नायू पंपासारखा रक्त ढकलत राहतो. ताठ धरलेला हात त्यामुळे काहीच न करता दमतो.

सिंकचं दुखणं याच्या उलट आहे. काठ ओट्याच्या पातळीत, पण हात काम करतात तळाशी. ८ इंच खोल सिंकचा तळ २५ इंचांवर येतो, कोपराच्या १३ इंच खाली. भांडी घासणारी बाई तेवढी कमरेतून वाकते. पाठीच्या दुखण्याची सुरुवात पुष्कळदा इथं होते, कारण भांडी घासताना वाकलेली कमर अर्धा-अर्धा तास तशीच राहते.

मग करावं काय? नवं घर बांधत असाल तर ओटा एकसारखा सरळ घेऊ नका. साडेचार-पाच फुटांचा एक भाग २८ इंचांवर घ्या. त्याच्या डाव्या बाजूला भाकरी थापायची जागा, उजवीकडं शेगडी. डावखुऱ्या हाताला उलट. पीठ कोपराच्या १० इंच खाली आलं, वजन टाकायला जागा झाली. बर्नर आला ३३ इंचांवर, आणि थापलेली भाकरी हातानं उचलून तव्यावर सोडायला चढण उरली ती पाच इंचांची. उरलेला ओटा ३३ ला ठेवा, चिरण्यासाठी. सिंकचा काठ ३५-३६ इंचांपर्यंत उचला, म्हणजे तळ २७-२८ वर येतो. एक अडचण आधीच ध्यानात घ्यावी: २८ इंचांच्या भागाखाली मोठा सिलिंडर रेग्युलेटरसकट नीट मावत नाही. तो शेजारच्या उंच भागाखाली ठेवायचा. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी ही अट या मांडणीतही पाळली जाते.

बांधलेला ओटा फोडायची गरज नाही. भाकरीच्या आणि शेगडीच्या जागेपुढं ४ इंच उंचीचा चौथरा करा. ३ फूट लांब आणि २ फूट रुंद तरी हवा, नाहीतर मागं पाऊल टाकताना टाच सुटते. विटा आणि वर शहाबादी फरशी, सिमेंटनं पक्की बसवलेली. सुटा लाकडी पाट ठेवू नका. तो सरकतो, आणि गरम पातेलं हातात असताना सरकतो. सिंकमध्ये तळाशी ३ इंच उंचीचा प्लास्टिकचा जाळीदार ट्रे पालथा घालून त्यावर भांडी घासली तरी कमरेला फरक कळतो.

माप घेताना घरात जी चप्पल वापरता ती घालून किंवा अनवाणी, जशा रोज उभ्या राहता तशाच उभ्या राहा. खांदे सैल सोडा. कोपर काटकोनात वाकवा. दुसऱ्या कुणीतरी जमिनीपासून कोपराच्या खालच्या हाडापर्यंत टेप लावावा. स्वतःच टेप धरला की खांदा उचलला जातो आणि माप इंच-दीड इंच चुकतं.

आणि गवंड्याबरोबर एक गोष्ट आधीच बोलून घ्यायची. ओट्याचे कट्टे बहुधा फरशी बसायच्या आधी उठतात. त्या कच्च्या जमिनीपासून ३३ इंच मोजले, मग भर आणि फरशी मिळून दोन-अडीच इंच चढले, की ओटा राहतो साडेतीस. उलट कडप्प्यावर वेगळा ग्रॅनाइट येणार असेल आणि तो धरलाच नसेल, तर पाऊण इंच वर जातो. पाण्याच्या नळीनं भिंतीवर तयार फरशीपासून ३ फुटांची लेव्हल मारून घ्या आणि प्रत्येक माप त्या रेषेपासून खाली घ्या. गवंडी ते आनंदानं करतो. घरमालक सांगत नाही म्हणून राहून जातं.

जुन्या विटांच्या ओट्यांचा आणखी एक दोष म्हणजे ते जमिनीपर्यंत भरीव असतात. पायाची बोटं आपटतात म्हणून बाई तीन-चार इंच मागं उभी राहते आणि तेवढी पुढं झुकते. खाली ४ इंच उंच आणि ३ इंच खोल खाच ठेवली, किंवा वरचा दगड तीन इंच पुढं काढला, की पोट ओट्याला लागतं आणि पाठ सरळ होते. इतक्या स्वस्तात पाठीला इतका आराम देणारं दुसरं काही माझ्या माहितीत नाही.

घरात सासूबाई चार फूट दहा इंच आणि सून पाच फूट चार इंच असेल तर? दोघींच्या कोपरांत चार इंचांचं अंतर पडतं. अशा वेळी मधलं माप काढायचा मोह होतो, आणि मधलं माप दोघींनाही छळतं. दोन उंच्यांचा ओटा इथंही उपयोगी पडतो: सासूबाई चिरायलासुद्धा खालच्या भागाकडं सरकतात, सून वरच्या. एकच उंची घ्यायची वेळ आली तर उंच बाईच्या मापानं घ्या आणि दुसरीला चौथरा द्या. ठेंगण्या ओट्यापुढं उंच बाईला उभं राहायला कुणी खड्डा खणून देत नाही.

जमिनीवर बसून काम करणं मागास आणि टेबलाशी उभं राहणं सुधारलेलं, असं एक समीकरण आपल्या डोक्यात बसलंय. मला ते पटत नाही. जमिनीवर माणसाला आणखी दोन हात मिळतात, पायांचे. विळीच्या पाटावर पाय रोवला की दोन्ही हात भोपळ्याला मोकळे. तीच विळी ओट्यावर ठेवली की नाचते, म्हणून ती स्क्रूनं ओट्याला आवळायची सोय करावी लागली. निपाणी-अथणीकडच्या चप्पल कारागिरांना बघा. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चारही आहेत. कातडं पायाच्या बोटांत आणि टाचेखाली धरून कारागीर आरी चालवतो, रापीनं तळ कापतो. त्याला नुसतं टेबल आणि स्टूल दिलं तर त्याचा शेगडा, म्हणजे वस्तू घट्ट पकडून ठेवणारं अवजार, काढून घेतल्यासारखं होतं. टेबल द्यायचं तर त्यावर कातडं पकडणारा चिमटा आणि ठोकायला जड दगड टेबलातच बसवून द्यायला हवा, आणि तो दगड कोपराच्या ८-१० इंच खाली. ते न करता नुसती टेबलं वाटली, की टेबलावर चपलांचे जोड रचले जातात आणि माणूस पुन्हा खाली बसतो. तो हट्टी म्हणून बसत नाही, त्याला तिथं हात जास्त असतात म्हणून बसतो.

शहापूर, वडगाव, खासबाग हा बेळगावचा विणकरांचा भाग. आता तिथं यंत्रमागांचा खडखडाट जास्त, पण खड्डामाग ही शरीराच्या बाजूनं केलेल्या विचाराची फार सुंदर वस्तू आहे. बसायला उंच आसन बनवण्याऐवजी पायांसाठी जमीन खोदली. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो, मांड्या आडव्या, पाय खाली पावड्यांवर, म्हणजे पायानं दाबायच्या पट्ट्यांवर. सुती ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, कोरड्या हवेत तटातट तुटतो, जमिनीलगतच्या ओलाव्यानं तो टिकतो. एका खड्ड्यानं माणसाचं आणि सुताचं, दोघांचं भागवलं. पूर्वी आडवा धागा नेणारा धोटा हातानं फेकायचा तर साडीच्या पन्ह्याएवढे, सव्वा मीटरभर लांब दोन्ही हात सारखे पसरावे लागत. १७३३ साली इंग्लंडात जॉन के यानं दोरीच्या झटक्यानं धावणारा धोटा काढला. तो इकडच्या मागांवर आल्यापासून खांद्याचं ते काम गेलं.

तरी खड्डामागावरच्या माणसाची कमर दुखते, आणि दुखण्याची कारणं मापात सापडतात. खड्डा बापाच्या पायाचा असतो आणि मुलगा त्याच्यापेक्षा चार बोटं उंच निघतो. मग गुडघे कमरेपेक्षा वर येतात आणि कमरेचा बाक मागच्या बाजूला पडतो. पावडी पूर्ण दाबली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा आणि पावडी वर असताना मांडी आडवीच्या वर जाऊ नये, एवढी खोली हवी. बसायच्या फळीची पुढची धार मांडीखाली रुतते. ती रंध्यानं गोल करावी, आणि मागच्या बाजूला बोटभर जाडीची पट्टी घालून फळी पुढं उतरती करावी, म्हणजे कमर गुडघ्यांपेक्षा वर राहते.

तिसरं कारण जरा जवळून बघावं लागतं. विणत गेलं की विणलेल्या कापडाची कड विणकरापासून हळूहळू लांब जाते, कारण कापड वाढतंय आणि तो जागचा हलत नाही. सुरुवातीला ती कड हाताच्या टप्प्यात असते. वीतभर विणून झालं की हात्या, म्हणजे आडवा धागा ठोकून बसवायची चौकट, धरायला तो पुढं झुकलेला असतो, आणि कळत नाही, कारण झुकणं एका-एका धाग्यानं वाढलेलं असतं. कापड गुंडाळायला उठबस, ताण सोडणं, पुन्हा ओढणं, यात वेळ जातो म्हणून गुंडाळणं लांबवलं जातं. दर चार बोटांनी गुंडाळलं तर पाठ सरळ राहते आणि ठोकाही सारखा बसतो, कापडात पातळ-दाट पट्टे पडत नाहीत. शरीराचं भलं आणि मालाचं भलं इतकं एकत्र क्वचित सापडतं.

पावसाळ्यात खड्ड्यात पाणी पाझरतं. जून ते सप्टेंबर ओल्यात पाय ठेवून काम, नाहीतर माग बंद. भिंतींना सिमेंटचा गिलावा, तळाला एका कोपऱ्याकडं उतार, त्या कोपऱ्यात तांब्या बुडेल एवढा खळगा पाणी उपसायला, आणि वर लाकडी पट्ट्यांची जाळी, यानं झिरप्याचं पाणी आवरतं. जमिनीतली पातळीच वर आली तर गिलावा काही करू शकत नाही. तिथं खड्डा बुजवून जमिनीवर उभा राहणारा लाकडी चौकटीचा माग घेणं बरं. पण मग बसायचा बाक बाजारातून तयार आणू नका. बाकावर बसल्यावर कोपर विणलेलं कापड गुंडाळायच्या दांड्यापेक्षा किंचित वर यायला हवं. बाक ठेंगणा असेल तर खांदे वर ओढले जातात, आणि पुन्हा तीच ओट्याची गोष्ट.

घरातल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांनाही हाच न्याय लावून बघा. त्यांची बैठक साधारण १७ इंच उंच असते. पाच फुटी बाईच्या गुडघ्यामागचा खळगा जमिनीपासून १५ इंचांवर. दोन इंचांनी पाय लोंबतात आणि मांडीखाली धार लागते. पायाखाली पाट घेतला की झालं.

निपाणीचं नाव तंबाखूशी आणि विडीशी जोडलेलं आहे. विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन बसतात: पत्र्याच्या मापानं पान कापायचं, चिमूटभर जर्दा, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा. मजुरी दर हजार विड्यांवर. मांडी घालून सपाट जमिनीवर बसलं की मांडीचे आणि नितंबाचे स्नायू कटिराला, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या चौकटीला, मागं ओढतात, कमर गोल होते, आणि तोल सावरायला मान पुढं जाते. डोकं चार-पाच किलोचं. ते मानेवर सरळ असेपर्यंत हाडांवर तोललेलं असतं, पुढं गेलं की मागच्या स्नायूंनी दिवसभर लगामासारखं ओढून धरायचं.

उपाय घरातच असतो. वाकळ घट्ट घडी करून चार इंच उंच करायची आणि तिच्या पुढच्या काठावर बसायचं, मांड्या वाकळीच्या बाहेर. ढुंगण गुडघ्यांपेक्षा वर आलं की कटीर पुढं कलतं आणि कमरेचा बाक परत येतो. पाठ भिंतीला, कमरेच्या खळग्यात गुंडाळलेला टॉवेल. सुपाखाली उशी, म्हणजे हात कोपराच्या पातळीला येतात आणि काम डोळ्यांकडं चढतं. सूप मांडीत पडलेलं असताना मान ताठ ठेव असं सांगून काही होत नाही, कारण मान डोळ्यांच्या मागं जाते आणि डोळे हातांच्या मागं. उजेड मागून आला तर स्वतःची सावली सुपात पडते आणि बाई आणखी वाकते. दाराच्या उजेडाला डावा खांदा करून बसावं.

आता विश्रांतीचं. हजारावर मजुरी घेणाऱ्या बाईला अर्ध्या-अर्ध्या तासानं उठा म्हणून सांगणं सोपं आहे आणि थोडं निर्दयही. प्रत्येक उठण्याची किंमत तिच्या हिशेबात दिसते. म्हणून उठणं कामातच मुरवावं लागतं. दोरा, कात्री, जर्दा हे मिनिटा-मिनिटाला लागतं. ते हाताच्या टप्प्यात, कोपर अंगाशी ठेवून पोचेल असं. पण भिजवलेल्या पानांचं ओलं गोणपाट आणि वळलेल्या विड्या ठेवायची टोपली मुद्दाम चार पावलं लांब, उठल्याशिवाय पोचणार नाही अशी. अर्ध्या तासाला पुरतील एवढीच पानं सुपात घ्यायची. सगळं हाताशी असावं हा सुगरणीचा नियम शरीराला नेहमी मानवत नाही.

उद्यमबाग या बेळगावच्या कारखान्यांच्या भागातल्या मशीन शॉपमध्ये मापं जास्त काटेकोर लावता येतात, कारण तिथं रोज तेच वजन तशाच प्रकारे उचललं जातं. कामगारांच्या आरोग्यासाठीच्या अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेनं १९९१ मध्ये सुधारलेलं, वजन उचलण्याचं एक सूत्र आहे. सगळं अनुकूल असेल तर, म्हणजे वजन घोट्यांच्या रेषेपासून २५ सेंमीवर, हात जमिनीपासून ७५ सेंमी उंचीवर, अंगाला पीळ नाही, पकड चांगली आणि उचलणं अधूनमधून, तर शिफारशीची मर्यादा २३ किलो. आता जॉबचा, म्हणजे मशीनवर घडवायच्या सुट्या भागांचा, क्रेट जमिनीवर ठेवा. उंचीपायी २३ ला ०.७७५ नं गुणायचं, उरले १७.८. क्रेट पायांपासून ५० सेंमीवर असला तर निम्मे, ८.९. आणि मशीन बाजूला म्हणून ४५ अंश वळून उचललं तर आणखी घटून ७.६. वारंवार उचलायचं असेल तर त्याहून कमी. म्हणजे १२ किलोचं कास्टिंग, जे कुणालाही हलकं वाटतं, जमिनीवरच्या क्रेटमधून उचलताना मर्यादेच्या दीडपटीहून जास्त होतं. वजन तेच, क्रेटची जागा तेवढी वेगळी.

दीड इंची अँगलचा, ७५ सेंमी उंचीचा स्टँड कुठलाही वेल्डर अर्ध्या दिवसात करून देतो. त्याचा माथा ऑपरेटरच्या बाजूला २०-३० अंश कलता ठेवावा, पुढं दोन इंचांची अडवणारी पट्टी घालावी. सपाट स्टँडवर क्रेटच्या तळाचे शेवटचे जॉब काढताना पुन्हा हात लांब करून वाकावं लागतं, ते टळतं. स्टँड मशीनच्या फार जवळ लावू नका. एवढ्या जवळ, की पाऊल न हलवता नुसतं कमरेतून वळून जॉब मशीनच्या चकपर्यंत, म्हणजे जॉब पकडणाऱ्या भागापर्यंत, पोचेल, तर माणूस तसाच वळणार. एक पूर्ण पाऊल टाकावं लागेल इतकं अंतर ठेवलं की तो पायांसकट वळतो.

शेतातली कामं मोजपट्टीत सहज सापडत नाहीत. बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या भातात लावणीला वाकावंच लागतं आणि त्याला माझ्यापाशी स्वस्त उपाय नाही. भांगलणीत, म्हणजे तण काढण्यात, मात्र आहे, निदान हातापुरता. बाजारातल्या खुरप्याची मूठ बहुधा बारीक असते. बारीक मुठीला बोटं तळहातात रुतेपर्यंत आवळावी लागतात, आणि आवळणारे स्नायू असतात कोपराखाली, म्हणून संध्याकाळी दुखतं कोपर. घट्ट पकडीला ३५ ते ४० मिमी जाडीची मूठ हवी. सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापायची, मुठीच्या पात्याकडच्या टोकापासून ओढून ओढून तिरपी गुंडाळत मागं यायचं, मागच्या टोकाला दोन वेढे जास्त द्यायचे म्हणजे हात निसटत नाही, आणि शेवट आधीच्या वेढ्याखाली खोचायचा. मग मूठ हातात धरून बघायची. अंगठ्याचं टोक तर्जनीच्या नखावर जेमतेम टेकलं की जाडी बरोबर झाली. बोटाच्या पेराच्याही पुढं गेलं तर अजून एक थर.